नळीचा पीळ

"हा कागद आजचा नाही," हे म्हणाले आणि त्यांनी बोट उचललं.

मी ओट्यापाशी भांडी पुसत होते. हातातलं झाकण पडता पडता राहिलं.

"अहो, आजचाच आहे. कशावरून म्हणता?"

"कोपरा दुमडलेला आहे."

झालं! इतकी वर्षं संसार करून एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात राहू नये? दर रविवारी मी नेमबाजीच्या मैदानावरून माझा निशाण्याचा कागद घरी आणते. नजर अधू झाल्यापासून हे त्यावरची भोकं बोटानं चाचपतात, माझं कुठे चुकलं ते सांगतात आणि पाहून झाल्याची खूण म्हणून कोपरा दुमडून ठेवतात. आज मी गुपचूप जुना कागद पुढे केला आणि कोपऱ्याचं विसरले. लबाडी करावी तर तीही मला धड जमत नाही.

"खरा कागद आण."

पिशवीच्या तळाशी दडवलेला कागद मी काढून दिला. ह्यांचं बोट पहिल्या भोकावर थांबलं, मग दुसऱ्यावर. एकही भोक गोल नव्हतं. सगळी लांबट, फाटल्यासारखी.

"गोळी आडवी लागतेय," हे म्हणाले. "सगळ्यांची की तुझीच?"

"माझीच."

यंदा संघाची स्पर्धा लांब पल्ल्याची होती. एवढ्या अंतरावर हलक्या गोळीला वारा कुठच्या कुठे नेतो, म्हणून कोचनं आज सगळ्यांना जड गोळ्या दिल्या होत्या. बाकीच्यांच्या सरळ जात होत्या. माझ्या वाटेतच कलंडत होत्या. निवड पुढच्या रविवारी होती, आणि दरवर्षी थोडक्यात हुकणारी संघातली जागा यंदा तरी मिळेल असं ह्या गोळ्या येईपर्यंत वाटत होतं.

बिघाड कशात आहे ते मला मैदानावरच कळलं होतं. बंदुका करणाऱ्याच्या घरात काय नुसता स्वयंपाक केला? रायफलीच्या नळीत आतून पिळदार खाचा असतात. त्या गोळीला गरगर फिरवतात, म्हणून ती सरळ जाते. जड गोळी लांब असते, तिला जास्त जोरात फिरवावं लागतं, म्हणजे पीळ घट्ट हवा. नाहीतर मंदावलेल्या भोवऱ्यासारखी ती डोलते आणि आडवी होते. माझ्या नळीचा पीळ सैल होता. आणि ती नळी ह्यांनी केलेली होती.

"कोचला काय सांगितलंस?"

"म्हटलं, आता वय झालं. माझं नाव काढा."

"माझ्या नळीपायी तू स्वतःचं वय काढलंस? एरवी कुणी विचारलं तर दोन वर्षं कमी सांगतेस!"

मला हसू येईना. "तुमच्या हातची एवढी एकच नळी आता वापरात आहे. ती मी बदलणार नाही."

लग्न झालं तेव्हा मी पाणीपट्टीच्या खिडकीवर बसायचे आणि क्लबाची उसनी रायफल चालवायचे. ती माझ्या हाताला मोठी होती. मी कधी तक्रार केली नव्हती, पण ह्यांनी पाहिलं असणार. दिवसभर लोकांची कामं करून संध्याकाळी हे माझ्या मापाच्या रायफलीची नळी करायला बसायचे. न मागता इतकं मला आयुष्यात दुसऱ्या कुणी दिलेलं नाही.

"सळई आण," हे म्हणाले. "आणि चिंधी."

चिंधी गुंडाळलेली सळई त्यांनी नळीत हळूहळू ढकलली. खाचांबरोबर ती त्यांच्या तळव्यात फिरू लागली. सळईला बांधलेला दोरा खाली जाऊन पुन्हा वर आला, म्हणजे एक फेरा झाला, तशी मी सळईवर खूण केली आणि ती किती आत गेली ते टेपनं मोजलं.

"चौदा इंच."

"चौदाच दिला होता!" ह्यांचा चेहरा खुलला. "केसभरसुद्धा चूक नाही. तेव्हा क्लबात हलक्याच गोळ्या यायच्या, त्यांना चौदा इंचांत एक फेरा पुरायचा. ह्या जड गोळीला दहा इंचांत एक हवा. नळी चुकली नाही गं. गोळी बदलली."

"मग मी हलक्याच मारीन."

"आणि वारा? तो काय तुझा नवरा आहे, तुझं ऐकायला?"

ह्यांनी लगेच कोचला फोन करून माझं नाव परत घालायला लावलं. दुसरा फोन त्यांच्या हाताखाली शिकलेल्या कारागिराला. तो आता स्वतः नळ्या करतो. दोन दिवसांत दहा इंचांच्या पिळाची नळी घरी आली.

जुनी नळी रायफलीतून काढायला शिकंज्यात आवळली. ह्यांचे हात हल्ली थरथरतात, म्हणून पाना मीही धरला. दोघांनी जोर लावला. ढिम्म. पुन्हा लावला. मग आतून कट्ट आवाज आला आणि आटे सुटले.

"चांगली घट्ट बसवली होती की मी," हे हळूच म्हणाले.

रविवारी मैदानावर वारा होता. पहिली गोळी झाडली आणि दुर्बिणीला डोळा लावला. भोक गोल होतं. संध्याकाळी लागलेल्या यादीत माझं नाव सगळ्यात शेवटी होतं, पण होतं.

घरी आल्याबरोबर कागद ह्यांच्यापुढे ठेवला. बोट एकेका भोकावरून फिरत गेलं.

"गोल. हेही गोल. इथे जरा श्वास सुटला वाटतं तुझा. पण गोल."

कोपरा दुमडून झाल्यावरही त्यांचा हात कागदावरच राहिला.

"तुझ्यामुळे माझ्या नळीनं एवढी वर्षं मैदान पाहिलं," हे म्हणाले. "बाकीच्या कधीच कुठे गंजून गेल्या. तुला कधी म्हटलं नाही. आभार मानायचे राहून गेले होते."

"काहीतरीच!" मी म्हणाले आणि भांडी पुसायला गेले. भांडी कोरडीच होती. आभार मी मानायचे, आणि हे आधी बोलून मोकळे झाले!

सकाळी चहा घेऊन गेले तर जुनी नळी मांडीवर घेऊन हे बसलेले. तेलाची चिंधी लावून सळई हळूहळू आत जात होती आणि त्यांच्या तळव्यात सावकाश फिरत होती. डोळे मिटलेले होते. सळई बाहेर काढून त्यांनी मळलेली चिंधी बोटानं चाचपली आणि न बघता हात पुढे केला.

मी चहा खाली ठेवला, नवी चिंधी कापली आणि त्यांच्या हातात दिली.