जावईबापूंच्या टाकीतली वाळू

लेव्हलअण्णांनी उभ्या आयुष्यात फरश्या घालण्यापलीकडे दुसरं काही केलं नाही. पण फरशी अशी घालायचे, की तिच्यावर गोटी ठेवली तर बिचारी जागच्या जागी गोंधळून उभी राहायची. घरंगळायचं कुठल्या बाजूला, हेच तिला कळायचं नाही. खोटं वाटत असेल तर गोटीला विचारा.

पुढे गुडघ्यांनी संप पुकारला. बायको आधीच गेली होती. एकुलत्या एक लेकीनं अण्णांना आपल्याकडे आणलं. म्हणजे जावयाच्या घरात! लेक म्हणायची, "अण्णा, घर तुमचंच आहे." जावईबापू उठता-बसता "मामा, चहा घेणार?" विचारायचे. आणि अण्णा, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघावी तसे, खुर्चीच्या कडेवर अंग चोरून बसायचे. फुकटचा घास त्यांच्या घशाखाली उतरत नव्हता.

हॉलमध्ये जावईबापूंची काचेची टाकी होती. साधीसुधी नव्हे, खाऱ्या पाण्याची. आत जिवंत पोवळी डोलायची, पट्टेरी मासे मिरवायचे, आणि बोटभर लांबीची एक पिवळीधमक मासोळी होती. तिचं नाव पिवळी. लेकीनं काचेला नाक लावलं, की ही आतून नाक लावायला हजर.

"या घरात माझं कुणी ऐकत नाही," जावईबापू म्हणायचे, "आणि ती पिवळी तर सख्खी मेहुणीच आहे माझी."

अण्णांना मात्र मासे दिसायचेच नाहीत. त्यांना दिसायचा तळ. वर्षानुवर्षांची करडी वाळू, तिच्यावर तपकिरी डाग, एका कोपऱ्यात टेकाड तर दुसऱ्यात खड्डा. जन्मात ज्यानं एक सांधा वाकडा जाऊ दिला नाही, त्यानं रोज जेवताना समोर हे बघायचं! नव्या पांढऱ्या वाळूच्या पिशव्या टाकीखालच्या कपाटात आणून ठेवलेल्या होत्या.

"बदलायचीय मामा," जावईबापू एकदा म्हणाले होते, "पण एका वेळी एकच कोपरा. सगळी एकदम काढली तर..." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि वाक्य अर्ध्यावर राहिलं. अण्णांनी ते आपल्या परीनं पुरं केलं : सगळी एकदम काढायला बापड्याला सवड कुठाय!

एके दिवशी दोघं कामावर गेली आणि अण्णांनी बाह्या सरसावल्या. पंप बंद केला. थापीनं वाळू उचलायची, घमेल्यात टाकायची, घमेलं पोत्यात रिकामं करायचं. वरचा थर निघाला तशी खालून काळीकुट्ट वाळू लागली आणि सडक्या अंड्यांचा वास सुटला. वास असा, की भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोत व्याहीबुवांनी नाकाला रुमाल लावला. पण काम अर्धं टाकेल तो फरशीवाला कसला? अण्णांनी सगळ्या खिडक्या उघडल्या, तळ खरवडून काढला, पोतं लिफ्टनं उतरवून जिन्याखाली लावलं. नवी वाळू धुऊन घ्यायची असते हे त्यांना सुचलंच नाही. सिमेंट काय कुणी धुऊन वापरतं? ओतली, थापीनं सारखी केली, पंप लावला.

आणि टाकीचं दूध झालं. काचेपलीकडे काहीच दिसेना.

संध्याकाळी दोघं आली तेव्हा पट्टेरी मासे पाण्याच्या वरच्या कडेला येऊन तोंडं उघडत होते.

"अण्णा, हे काय झालं?"

"मला काय ठाऊक बाई! मी आपला आत पडलो होतो. उठून बघतो तर हे असं!" जीभ आपसूक वळली. वळून गेल्यावर अण्णांना कळलं, आपण काय बोललो ते.

जावईबापूंनी साठवलेलं खारं पाणी टबात ओतलं आणि जाळीनं मासे त्यात घेतले. मग बायकोकडे वळले. "सकाळी इथं काही फवारलंस का?"

लेकीचा चेहरा उतरला. "झुरळांचं औषध. कपाटामागं. जरासंच, अरे..."

"टाकीजवळ? अगं, किती वेळा सांगितलंय!"

लेक मटकन खाली बसली आणि रडू लागली. हातात चहाचा कप धरून अण्णा समोरच होते. आता सांगावं, आता सांगावं म्हणत त्यांनी चहा संपवला.

"आणि पिवळी? पिवळी कुठाय?"

"रडू नकोस गं," जावईबापू म्हणाले. "ती घाबरली की वाळूत शिरून बसते. खाली सुखरूप असेल. पाणी निवळलं की येईल वर."

लेक डोळे पुसत हसली. अण्णांना मात्र जिन्याखालचं पोतं आठवलं. वाळूत! सगळं घर पाणी निवळायची वाट बघत होतं आणि एकटे अण्णा मनातून विनवत होते, निवळू नकोस रे बाबा.

"जरा पाय मोकळे करून येतो," म्हणून ते खाली गेले. जिन्याखाली फतकल मारून पोतं उपसू लागले. काळी वाळू मूठ-मूठ बोटांतून गाळली. निम्मं पोतं उपसल्यावर ती सापडली. वाकडी झालेली, डोळा उघडा.

आणि मग अण्णांच्या डोक्यात असं काही आलं, की त्याची लाज त्यांना पुढे पिवळीच्या मरणाहून जास्त वाटली. हिला गुपचूप टाकीत सोडून दिलं तर? औषधानंच गेली म्हणतील. वाळूचंही मग बघता येईल काहीतरी.

मूठ आवळून ते वर आले. जावईबापू न्हाणीघरात पाण्यात मीठ कालवत होते. हॉलमध्ये कुणी नव्हतं. अण्णांनी मूठ टाकीवर नेली.

"अण्णा, अहो, हात नका घालू!" लेक स्वयंपाकघरातून धावत आली. "विष असेल माझं त्यात. तुमच्या बोटांना आधीच चिरा पडल्यात, काही झालं म्हणजे?" आणि तिनं त्यांचं मनगट धरून बाजूला ओढलं.

अण्णांची मूठ उघडली.

"पोत्यात होती," ते म्हणाले. "वाळू मी काढली. सगळी. तू काही केलं नाहीस गं."

बादली घेऊन जावईबापू दारात थबकले होते.

"बोला जावईबापू," अण्णा म्हणाले. "वाटेल ते बोला मला. शिव्या द्या."

जावईबापूंनी बादली खाली ठेवली, परत उचलली. "असू द्या मामा. तुम्ही बसा. गुडघा दुखेल."

दोन मुस्कटात बसल्या असत्या तरी अण्णांना बरं वाटलं असतं.

लेक ओरडलीसुद्धा नाही. "मी इथं रडत होते अण्णा," ती म्हणाली, "आणि तुम्ही चहा पीत होतात."

तिनं त्यांच्या तळव्यावरून पिवळीला दोन बोटांनी अलगद उचललं आणि आत निघून गेली. अण्णांचा हात तसाच पसरलेला राहिला. तो मागं कसा घ्यावा, हेच त्यांना कळेना.