नानासोंची पोच

नानासो मोऱ्यांनी नैवेद्याचं ताट ठेवावं तसा आपला फोन दोन्ही हातांनी स्वप्नालीच्या पुढ्यात ठेवला आणि दोन पावलं मागं सरले.

"वाचा, ताई. मिनिटात पोच आली बगा. गेल्या आठवड्यात माजं पत्र गेलं नऊ वाजून चार मिनिटांनी, आन् नऊ पाचला त्यांचं उत्तर. अठरा वर्सं फौजेत काढली, येवढ्या लवकर कुणी उत्तर दिल्यालं आठवत न्हाई."

स्वप्नालीनं फोन हातात घेतला नाही. मान वाकवून तिथूनच वाचलं. इंग्रजीतल्या सहा-सात ओळी. आपलं पत्र सजवलेल्या अक्षरांत आहे, इथे फक्त साधी अक्षरं चालतात, सबब पत्र नाकारलं आहे. यंत्रानं लिहिलेलं उत्तर होतं ते. कुणा माणसाच्या नजरेखालून नानासोंचं पत्र गेलंच नव्हतं. खाली त्यांचा मूळ अर्ज दिसत होता. वर ठळक लाल रंगात 'अतितातडीचे', मग 'महोदय', मग फोटो: काळ्या पट्टीवर टेकलेली एका मुलीची दोन बोटं.

तिनं वही ओढली. मौनाच्या दिवशी घरातलं काही सांगायचं असलं की ती त्या वहीत पेन्सिलीनं लिही. पेन्सिल हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली.

"आज चवदस हाय, नानासो," चंपाबाई स्वैपाकघराच्या दारातून म्हणाल्या. सासूबाईंना सुनेच्या व्रतांचा अभिमान होता आणि तो त्या लपवत नसत. "दिवस मावळंपतूर बोलायची न्हाई ती. तुमी बसा. च्या टाकते."

"टाका की, आक्का. ताई, तुमी बोलू नका, व्रत मोडू नका. मी बोलतो, तुमी ऐका." नानासो खुर्चीच्या कडेवर टेकले. "गावात सांगितलं, कर्नलकडनं पोच आलीया. तर आमचा लालासाहेब इचारतो, कुठल्या पलटणीचा? म्हनलं, गप ए गड्या, हे फौजेतलं कर्नल न्हवं, संगणकातलं हाय. तुज्या टोपीत मावायचं न्हाई."

त्यांची मुलगी अंकिता भिंतीशी बसली होती, हात मांडीवर, चेहरा जिथून आवाज येत असेल तिकडं थोडा कललेला. वीस वर्षांची होती. डोळे जन्मापासून नव्हते. तीन वर्षांपूर्वीच्या तापानं कानही न्यायला सुरुवात केली होती. आता कानात यंत्र घालून, शेजारी बसून कुणी मोठ्यानं बोललं तर कळे. डॉक्टरांनी नानासोंना बाजूला घेऊन सांगितलं होतं की हेही राहणार नाही.

तिला स्वप्नालीनं पहिल्यांदा पाहिलं ते कोरेगावच्या एका शिबिरात, अकरा वर्षांमागं. कुणी परदेशी पाहुण्यांनी ब्रेलची एक पट्टी भेट दिली होती. संगणकाला जोडली की पडद्यावरची ओळ पट्टीवर बारीक टिपक्यांनी उठावी आणि बोटांनी वाचता यावी, अशी. पण बनवणारी कंपनी बुडालेली आणि कोणताच संगणक तिला ओळखेना. नऊ वर्षांची अंकिता त्या मुक्या पट्टीवर बोटं फिरवत बसली होती. स्वप्नाली ती पट्टी सांगलीला घेऊन आली. नोकरी सांभाळून, पहाटेचा जप झाला की बसायची. संगणकाचा गाभा म्हणजे कर्नल, आणि गाभ्याला बाहेरच्या एकेका यंत्राची भाषा समजावणारा दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. दोन महिन्यांत तिनं त्या पट्टीसाठी दुभाषा लिहिला आणि तो मुक्त प्रणालीच्या कर्नलमध्ये घेतला गेला. कर्नलमधलं तिचं पहिलं काम. पट्टी अंकिताकडं परत गेली. विश्रामबागेतल्या मंडळानं शाल-श्रीफळ दिलं, पेपरात फोटो आला. तिला पुढच्या सगळ्या वाटा त्या एका पट्टीनं दाखवल्या, असं ती स्वतःच म्हणायची. पूर्वी म्हणायची.

ती प्रणाली कुणा एकाच्या मालकीची नाही. जगभरातली हजारो माणसं मिळून लिहितात, आणि त्यांचं सगळं बोलणं एका लिस्टवर, सर्वांसमक्ष, पत्रांनी चालतं. लिस्टवर जे आलं नाही ते कुणी बोललंच नाही, असा तिथला रिवाज. आणखी एक गोष्ट नव्या माणसाला लवकर कळत नाही. लिस्ट स्वीकारलेल्या पत्राची पोच कधीच देत नाही. उत्तर येतं ते फक्त परत पाठवलेल्या पत्राला.

"आता कसं हाय, ताई," नानासो पुढं सरकले, "तुमीच दोन आठवड्यामागं तिथं इचारलं न्हवं, का ही पट्टी कोण वापरतं का म्हणून? अंकितानं वाचून दाखवलं मला. म्हनलं, अर्ज मी लिवणार. घरचा कर्ता मी हाय. फोटू बी जोडला. आता हे काढून टाकायचं रद्द झालं म्हणायचं न्हवं?"

स्वप्नालीनं वहीवरची पेन्सिल कागदाला समांतर केली. नानासोंनी ते पाहिलं, मग तिच्या मिटलेल्या ओठांकडं पाहिलं, आणि स्वतःच मान डोलावली.

"झालंच. पोच आलीया म्हणल्यावर."

अर्ज दोन ठिकाणी गेला होता. लिस्टनं परत केला. स्वप्नालीच्या टपालपेटीनं ठेवून घेतला. नऊ दिवस झाले त्याला. तिनं वाचला होता आणि वाचून पुन्हा न वाचलेला करून ठेवला होता. लिस्टवर टाकायला एक ओळीची आज्ञा पुरली असती. एकदा तिनं ती टाईपही केली होती.

दोन वर्षं खपून तिनं कर्नलच्या त्या भागातली एक जुनाट पद्धत मुळापासून उपटत आणली होती. बेचाळीस पॅच, म्हणजे लिस्टवर पाठवलेल्या बेचाळीस दुरुस्त्या. बाकी सगळे ड्रायव्हर नव्या पद्धतीवर आले. एकच उरला होता, तिचा स्वतःचा पहिला. तो बदलायचा तर पट्टी समोर हवी, आणि दोन-अडीच महिने हवेत. बर्लिनच्या मुख्य मेन्टेनरनं, त्या विभागाच्या राखणदारानं, दोन ओळींत लिहिलं होतं, बदला नाहीतर काढा. वापरणारं कुणी आहे का विचारा, दोन आठवड्यांत कुणी बोललं नाही तर काढा. आणि त्याखाली, वेगळ्या ओळीत, की हे सगळं या फेरीत, येत्या आवृत्तीत, आत गेलं तर हा विभाग मी तुमच्या नावावर करून मोकळा होतो. पुढच्या फेरीपर्यंत मी थांबणार नाही, दुसरं कुणी बघेन. मेन्टेनरांच्या त्या फाईलमध्ये सांगलीच्या बाईचं नाव. फेरीची मुदत आज संध्याकाळची होती.

जुनी आवृत्ती ठेवली तर पट्टी चालत राहील, असं ती स्वतःला सांगत होती. आणि ज्या पुण्याच्या छपाईवाल्यांसाठी अंकिता मुद्रितं तपासायची, ते दर तीन महिन्यांनी सगळ्यांच्या संगणकांवर नवी आवृत्ती चढवून घेतात, हेही तिला ठाऊक होतं. अंकितानंच हौसेनं सांगितलं होतं.

चहा झाला. चंपाबाईंनी शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले. "गाडी वळवून आणतो, मग ये गं," असं लेकीच्या कानाशी ओरडून नानासो बाहेर गेले. चंपाबाई कपबशा घेऊन आत गेल्या.

अंकिता उठली. हात पुढं करून खुर्ची, मग टेबल, मग वही असं चाचपत आली आणि स्वप्नालीशेजारी बसली. आपला आवाज किती मोठा येतो ते तिला कळत नसे, म्हणून हल्ली ती फार हळू बोले.

"ताई, बाबांना ती पोच वाटलीया. वाटू द्या."

स्वप्नालीचा हात वहीवर थांबला.

"मी वाचलं ते. पट्टीवरच वाचलं. साधी अक्षरं लागतात म्हणून परत आलंय. लाल रंग केलावता त्यांनी." ती हसली. "त्यांना सांगितलं तर रात्रभर झोपायचे न्हाईत. मी साध्या अक्षरांत लिहून ठेवलंय माझं माझं. काल पाठवणार होते. मग म्हटलं, बाबांचं पत्र ताईंना पण गेलंय, त्या टाकतीलच की. आणि एकच गोष्ट दोनदा टाकली की लिस्टवरची माणसं चिडतात. तुम्हीच शिकवलंवतं."

ते खरं होतं. पंधरा वर्षांच्या अंकितानं हट्ट धरला तेव्हा स्वप्नालीनं तिला लिस्टच्या सगळ्या रीती शिकवल्या होत्या. वरती उत्तर लिहू नये. ओळ लांब ठेवू नये. एकाच गोष्टीसाठी दोनदा दार वाजवू नये.

"मुदत आज हाय न्हवं? टाकताय ना?"

बाहेर गाडी सुरू झाली. अंकितानं उजवा तळहात उघडून पुढं केला.

"बोलू नका. हातावर काढा. पहिल्यासारखं."

पहिल्यासारखं म्हणजे शिबिरातल्यासारखं. तिथल्या गोंगाटात मुलांना काही ऐकू येत नसे, तेव्हा स्वप्नाली बोटानं तळहातावर काढायची. गोल म्हणजे हो. आडवी रेघ म्हणजे नाही. अंकिताचा तळहात आता बाईचा झाला होता, पण बोटांची टोकं तशीच होती, गुळगुळीत, घासून घासून बारीक झालेली.

स्वप्नालीनं तो हात हातात घेतला. तिचं बोट तळव्यावर टेकलं. टेकून राहिलं. मग तिनं अंकिताची बोटं एकेक करून आत दुमडली, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत, आणि मिटलेली मूठ आपल्या दोन्ही हातांत धरून हलकेच दाबली.

अंकितानं ती मूठ कपाळाला लावली, देवळात प्रसाद घेऊन लावतात तशी.

"समजलं," ती म्हणाली. "मग मी नाही पाठवत."

नानासोंनी हॉर्न दिला. तो तिला ऐकू आला नाही. स्वप्नालीनंच तिला दंडाला धरून जिन्यापर्यंत नेलं, पहिल्या पायरीवर पाय नीट पडला का ते पाहिलं, आणि गाडी इस्लामपूरच्या रस्त्याला लागेपर्यंत गॅलरीत उभी राहिली.

मग ती संगणकाशी बसली. पॅच तयारच होता. एक अख्खी फाईल, अकराशे ओळी, प्रत्येक ओळीच्या आधी वजाबाकीची खूण. वर कारण लिहायचं होतं. तिनं लिहिलं, की हे यंत्र बनणं बंद होऊन बारा वर्षं झाली. की लिस्टवर विचारणा केली होती. की दोन आठवड्यांत लिस्टवर कुणाचीही हरकत आली नाही. तिसरं वाक्य तिनं पुन्हा वाचलं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. खाली रीतीप्रमाणं आपलं नाव घातलं.

पत्र साध्या अक्षरांत होतं. पाच वाजून चाळीस मिनिटांनी गेलं. उत्तर आलं नाही.

दिवस मावळायच्या आत चंपाबाईंनी गाळलेलं पाणी दिलं. मावळल्यावर दोघी सासू-सुना चटया टाकून देवघरासमोर बसल्या. मौन सुटलं होतं. दिवसभर न वापरलेला आवाज पहिल्या शब्दाला थोडा चिरकला, मग लागला. रोजच्यासारखं प्रतिक्रमण. चालताना, उठताना-बसताना, जाणता-अजाणता आपल्या हातून ज्यांना दुखावलं, त्या जिवांची क्षमा मागायची, इंद्रियांच्या पायरीनं, खालून वर.

एकेंद्रिय. नुसता स्पर्श असलेले. माती, पाणी, झाडं.

द्वींद्रिय. स्पर्श आणि चव. गांडुळं, शंख.

त्रींद्रिय. स्पर्श, चव आणि गंध. डोळे नाहीत, कान नाहीत. मुंग्या.

तिचा आवाज थांबला. समईची वात सरळ होती. चंपाबाईंनी डोळे न उघडता वाट पाहिली. मग शेजारून हळूच कोपर लावलं.

"चतुरिंद्रिय," त्यांनी सुचवलं. "रोजचं म्हणतीस, आन् विसरलीस व्हय गं?"

स्वप्नालीनं पुढचा शब्द म्हटला.