माणसं बसल्यात

"दाबा, श्रीपतराव," इमामभाई म्हणाले.

माझ्या स्टुलाजवळच्या फळीवर फोन वाजत होता आणि इमामभाईंचे दोन्ही हात मनगटापर्यंत पुस्तकबांधणीच्या खळीने माखले होते. मी हिरवं बटण दाबलं, मग स्पीकरचं. पलीकडून कोणी बोलायच्या आत इमामभाई मोठ्यानं म्हणाले, "माणसं बसल्यात."

"बरं, बरं," पलीकडचा माणूस म्हणाला. "ग्रामपंचायतीची रजिस्टरं झाली का, एवढंच इचारायचं हुतं."

"गुरुवारी या."

मी लाल बटण दाबलं.

त्या फोनचा कानाकडचा आवाज वर्षभरापूर्वी गेला होता. स्पीकर लावला तरच ऐकू यायचं. दुकान दहा फूट बाय बारा फूट, त्यामुळे जे इमामभाईंना ऐकू यायचं ते सगळ्यांना ऐकू यायचं. शेजारचा झेरॉक्सवाला अफजल म्हणायचा, "इमामचाचा, तुमचा फोन म्हंजे गावाचा लाउडस्पीकर हाय. दुरुस्त करा की!" इमामभाई म्हणायचे, "कशापायी? माझं काय चोरून बोलायचं असतंय?" पण समोरच्याला अडचण नको, म्हणून कुणाचाही फोन आला की पहिलं वाक्य हेच. मला त्यांचा हा रिवाज फार आवडायचा. इरिगेशनच्या कचेरीत चौतीस वर्षं मी आवक-जावक सांभाळली. फोनवर साहेब लोक कुणासमोर काय काय बोलायचे, ते मी खाली मान घालून ऐकलं होतं. त्या मानानं हा पुठ्ठे चिकटवणारा माणूस किती सभ्य, असं मला वाटायचं.

मी रोज दीडच्या सुमारास जात असे. सुरुवातीला माझी जुनी पुस्तकं बांधायला दिली होती. ती संपली तरी जातच राहिलो. इमामभाई शिवण घालायचे, मी बघत बसायचो. आमचं बोलणं फारसं होत नसे. घरी बोलायला कोणी नव्हतंच, त्यामुळे न बोलता कुणाजवळ बसणं हीसुद्धा मला चैन वाटत होती.

दोन वाजता शबीनाचा फोन यायचा. ती इमामभाईंची एकुलती एक मुलगी, इंदापूरजवळ बावड्याला दिलेली. तिचं बोलणं अर्ध्या मिनिटात संपायचं.

"माणसं बसल्यात," इमामभाई म्हणायचे.

"बरं. जेवलासा का?"

"व्हय. तू?"

"जेवले. बरं हाय सगळं. ठिवते."

त्या दिवशी एका वकिलांचा जाडजूड कायद्याचा ग्रंथ बांधायला आला होता. कण्याला खळ लावून कापड बसवायचं होतं. इमामभाईंची बोटं हल्ली थरथरत, म्हणून त्यांनी मला पानांचा गठ्ठा दोन्ही हातांनी आवळून धरायला सांगितलं. तेवढ्यात फोन वाजला. मी एक हात सोडवून बटणं दाबली आणि घाईघाईनं गठ्ठा पुन्हा धरला.

इमामभाई तोंड उघडणार एवढ्यात शबीनाच बोलली. आवाज रडून बसलेला होता.

"अब्बा, कोन बसलंय का?"

इमामभाईंनी माझ्याकडे पाहिलं. कुंचल्यावरची खळ कण्यावर टपकली. मला वाटलं, आता ते नेहमीचं वाक्य म्हणतील, ती "बरं हाय" म्हणेल, आणि मी लाल बटण दाबीन.

"कोन न्हाय," इमामभाई म्हणाले. "बोल."

उठून जावं, तर गठ्ठा सुटला असता. खोकलो असतो, तर इमामभाई मुलीसमोर खोटे पडले असते. मी कापडाच्या विणीकडे बघत राहिलो.

"त्यास्नी पुण्याला जाऊन दीड वरीस झालं, अब्बा. सहा म्हयनं फोन उचलत न्हाईत. काल समजलं, तितं दुसरं घर केलंय."

इमामभाईंनी कुंचला वाटीत ठेवला.

"सासूबाई वाईट न्हाईत. त्याच सकाळी म्हनल्या, पोरी, माझं म्हातारीचं काय बघू नगंस, तू तुझं बघ. माझी भाकरी भाजण्यात तुझं वय जायचं." ती थांबली. "मला घरी यायचंय."

"मग ये की."

"कशी येऊ? दुकानातनंच आत यावं लागतंय. तितं ती माणसं बसलेली असत्यात. बॅग घिऊन त्यांच्याम्होरनं जायचं म्हंजे... आनि मग रोजच."

"कोन असतंय? अफजल येतो घटकाभर."

"ते इरिगेशनवाले काका असत्यात की. मागं आले तवा चार दिस बघितलं. वाईट मानूस न्हाय, पर बोलत न्हाईत. नुसतं बघत बसत्यात."

माझे हात गठ्ठ्यावर तसेच होते. कानांच्या पाळ्या गरम झाल्याचं मला जाणवलं.

"ते व्हय," इमामभाई हळू म्हणाले, "ते पुस्तकाकडं बघत्यात. तुझ्याकडं न्हाय कोन बघत."

"मला तसं वाटतं, अब्बा."

"शबीना, ऐक. हे घर तुझं हाय. कोन बघूदे, कोन बोलूदे. इंदापुरास्नं पहिली गाडी कितीला हाय?"

"साडेसातला."

"त्या गाडीनं ये. स्टँडावर मी येतो. बॅग मी घेतो. दुकानातनं म्होरं मी चालंन."

फोन ठेवण्याआधी तिनं विचारलं, "जेवलासा का?" इमामभाई "व्हय" म्हणाले. ते जेवले नव्हते. खानावळीतनं आलेला डबा तसाच खिळ्याला लटकत होता.

इमामभाईंनी पुन्हा कुंचला उचलला.

"मी बाहेर जायला हवं होतं," मी म्हणालो.

"हात कुटं मोकळं हुतं तुमचं?" त्यांनी कण्यावर कापड बसवलं आणि अंगठ्यानं दाबत खालपर्यंत नेलं. "तुमी हाय म्हनलो असतो, तर तिनं 'बरं हाय' म्हनून ठिवला असता. वरीसभर मी तिला रोज तेच करायला लावलं, श्रीपतराव. मला वाटायचं, मी रीतीनं वागतोय."

मी गठ्ठा आणखी घट्ट आवळला.

"ती बोलली ते मनाला लावून घिऊ नका. पोर हाय."

"छे, छे," मी म्हणालो. "मी कुठं काय ऐकलं?"

घरी आल्यावर मात्र मी पुष्कळ विचार केला. मी खरंच असा बघत बसतो का? मला वाटत होतं, गप्प राहिलं की माणूस कुणाच्या अध्यात-मध्यात नसतो. आपल्या गप्प बसण्याचं कुणाला ओझं होत असेल, हे या वयापर्यंत लक्षात आलं नव्हतं. कदाचित इतरही ठिकाणी तसंच झालं असेल. आता कुणाला विचारणार?

दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. तिसऱ्याही नाही. चौथ्या दिवशी इमामभाईंचा फोन आला. मी गुडघ्याचं कारण सांगितलं. "बरं," ते म्हणाले, आणि जरा थांबून म्हणाले, "आली ती." गुडघ्याबद्दल त्यांनी पुढं काही विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी मला त्याच रस्त्यानं बँकेत जावं लागलं. परतताना मी पलीकडच्या बाजूनं चाललो होतो, तरी अफजलनं पाहिलं. "ओ श्रीपतराव! कुटं गायब झालासा? का इमामचाचानं हाकलून दिलं?"

त्याच्या ओरडण्यानं शबीना दुकानाच्या दारात आली. ओढणी कमरेला खोचलेली, हाताला खळ. आत इमामभाई मान खाली घालून शिवण घालत होते. त्यांनी वर पाहिलं, पण हाक मारली नाही. मुलीला जे वाटेल ते तिनं करावं, असं ठरवल्यासारखे ते थांबले होते.

"काका," ती रस्ता ओलांडून आली, "चहा टाकलाय. या की. बसा."

माझं बँकेतलं काम झालं होतं. पुढचा अख्खा दिवस मोकळा होता.

"बसत नाही," मी म्हणालो. "जरा गडबडीत आहे."

तिला बरं वाटलं की वाईट, ते मी पाहिलं नाही. मी रस्त्याकडे बघत होतो. ती आत गेली आणि कपबशी घेऊन आली. मी तिथंच, रस्त्याच्या कडेला, उभ्यानं चहा प्यालो. आलं जास्त झालं होतं. चांगला झालाय म्हणालो. ती हसली.

कप परत देऊन मी निघालो. काम असलेल्या माणसानं चालावं तसा भरभर, कोपऱ्यावरच्या वळणापर्यंत.