अडकलेली हवा

काळ्या जाड कडेचा एक वाटोळा डाग, आत लख्ख उजेड – त्यानं डोळा आणखी जवळ नेला तर मध्येच काळं काही आडवं आलं, हललं, तो दचकून मागे सरला... मग कळलं, आपलीच पापणी. बायको असती तर हसली असती. तिच्या शाळेतली पोरंही अशीच फसतात म्हणायची, जंतू दिसला म्हणून वर्ग डोक्यावर घेतात.

सकाळपासून तो तिच्या मायक्रोस्कोपला चिकटून बसला होता. जन्मभर शिवणयंत्रावर मान मोडली, या टेबलाकडे फिरकायला सवड झाली नाही. आज मुलगी येऊन मायक्रोस्कोप आईच्या शाळेत द्यायला नेणार होती. तोवर बघून घ्यावं. दोरा बघितला, तो दोरखंडासारखा. मीठ म्हणजे काचेचे ठोकळे. आणि मग डब्यातली ही काचपट्टी – तिनं आजारपणात केलेली, शेवटची. कांद्याचा पापुद्रा, आणि आतलं सुकू नये म्हणून कडेनं लाल नेलपॉलिश. तिच्या नखांना मात्र ते कधी लागलं नाही. दुकानदार नवनवे रंग पुढे करायचा, ती म्हणायची, स्वस्तातलं द्या हो, कांद्याला लावायचंय...

पण हा वाटोळा डाग कसला? तिनं शेवटचं हेच बघितलं असेल? आत अजून काही जिवंत असेल?

मुलगी आली. पिशवी टेकवून तिनं डोळा लावला न लावला तोच म्हणाली,

"बाबा, बुडबुडा आहे हा. हवा अडकलीय."

"हवा?"

"वरची पातळ काच तिरकी टेकवून हळू सोडायची असते. हात हलला की अडकते. आईनं तर असली पट्टी ठेवलीच नसती." तिनं पट्टी काढून त्याच्यापुढे धरली. "धुऊन टाकू?"

हात हलला... बुडबुडा दिसला की ती पोरांना पुन्हा पहिल्यापासून करायला लावायची. मग हा कसा राहिला? दिसला नसेल? की दिसला, आणि असू दे म्हणाली? असू दे हा तर त्याचा शब्द; तिच्या तोंडात कधी नसायचा. आणि ही हवा – म्हणजे याच खोलीतली, त्या दिवशीची, वाकून बसलेल्या तिच्या तोंडाजवळची. नंतर खिडक्या किती वेळा उघडल्या, भिंतींना रंग दिला, तिची गादीसुद्धा देऊन टाकली...

"मायक्रोस्कोप ने," तो म्हणाला. "पट्टी राहू दे."

"नुसत्या पट्टीत काय दिसणार तुम्हाला?"

त्यानं ती घेऊन खिडकीकडे धरली. लाल चौकट, मध्ये कोरी काच. खरंच काही दिसत नव्हतं. या घरात रोज तो जिकडे बघायचा तिकडे ती दिसायची नाही, तसंच. फक्त आज त्याला नजर काढून घ्यावीशी वाटेना. काचेवर बोट उमटू नये म्हणून पट्टी कडेनं धरून तो बघत राहिला, आणि मागे मुलगी टेबलावरचा पसारा हळूहळू आवरत राहिली...