दारामागची चाकांची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. इंग्लंडमधल्या एका लहानशा शहरात, कॅथेड्रलच्या मोठ्या दारामागे माझा मुक्काम असतो. बर्मिंगहॅमच्या कारखान्यात माझा लोखंडी सांगाडा वळवला गेला, त्यावर निळी बैठक चढली. एका पाववाल्याने मला चार वर्षे वापरले. तो गेल्यावर त्याच्या पत्नीने मला इथे देऊन टाकले.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. पाय मोडलेला एक गायक मुलगा अख्खा नाताळ माझ्यावर बसून गायला. पुढे हलक्या, चकचकीत खुर्च्या आल्या आणि मी दारामागे गेले. माझ्यावर ओले रेनकोट पडू लागले. ब्रेक गंजला. कुणाच्या लक्षातही आले नाही.

एका मे महिन्यात रॉयस्टन आणि एव्हिस पीक हे वयस्कर जोडपे दिवसभरासाठी शहर बघायला आले. रॉयस्टन जन्मभर पायी टपाल वाटत फिरलेला पोस्टमन. आता त्याच्या हातांना कंप सुटला होता आणि चालता चालता पाय जमिनीला चिकटल्यासारखे थबकत. स्वागताच्या टेबलाशी बसणाऱ्या मिस टिल यांनी ते पाहिले. नव्या खुर्च्या बाहेर गेलेल्या होत्या, म्हणून त्यांनी मला ओढून पुढे केले.

रॉयस्टनचा चेहरा लाल झाला. "मी काय सामान आहे ढकलत न्यायला? एव्हिस, चल, परत जाऊ."

"तुला कोण विचारतंय?" एव्हिस म्हणाली. "खुर्ची मला हवीय. गुडघा सकाळपासून ठणकतोय माझा." आणि ती धपकन माझ्यावर बसली.

रॉयस्टनने कुरकुरत माझ्या मुठी धरल्या. आधार मिळताच त्याची पाठ ताठ झाली, पावले सरळ पडू लागली. आम्ही उंच खांबांमधून रमतगमत फिरलो. रंगीत काचांमधला उजेड एव्हिसच्या मांडीवर पडला होता. जुन्या थडग्यांवरची नावे वाचत रॉयस्टन म्हणाला, "इथलं टपाल वाटायला बरं. सगळ्यांचा पत्ता एकच!"

"आणि कुत्रंही मागे लागणार नाही," एव्हिस म्हणाली. दोघे इतके हसले की पुढे चाललेल्या एका बाईंनी वळून पाहिले.

दुपारी आम्ही कॅथेड्रलशेजारच्या जुन्या खंदकाकाठी, उतरत्या हिरवळीवर गेलो; खंदकाच्या पाण्यात हंस पोहत होते. रॉयस्टनने माझा ब्रेक लावला आणि बाकावर बसून काकडीचे सँडविच उघडले. मित्रांनो, त्या क्षणाची मला अजून लाज वाटते. गंजलेला ब्रेक सुटला आणि मी एव्हिसला घेऊन उतारावरून पाण्याकडे निघाले!

"एव्हिस!" रॉयस्टन ओरडला. तो उठला, पण पाय जागचे हलेनात.

एव्हिसने टुणकन खाली उडी मारली, धावत माझी मूठ पकडली आणि मला पाण्याच्या काठावर थांबवले. मग ताडताड पावले टाकत, मला ढकलत ती चढ चढून आली.

रॉयस्टन तिच्या पायांकडे बघत राहिला. "गुडघा ठणकत होता ना?"

एव्हिसने खाली वाकून माझा ब्रेक पुन्हा ओढून पाहिला.

"फसवलंस मला."

"फसवलं. नाहीतर तू दारातूनच मागे फिरला असतास. मला तुझ्याबरोबर फिरायचं होतं रे, रॉयस्टन. एकटीनं नव्हे."

रॉयस्टनने बाकावरचे सँडविच पुन्हा गुंडाळून ठेवले. मग माझ्या दांड्याला धरून हळूहळू माझ्यावर टेकला.

"ब्रेकवर माझा भरवसा नाही," तो म्हणाला. "तेव्हा मुठी सोडू नकोस."

"सोडते कशाला?" एव्हिस म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

संध्याकाळच्या प्रार्थनेची गाणी त्यांनी शेवटपर्यंत ऐकली. निघताना रॉयस्टनने मिस टिल यांना ठणकावून सांगितले, "हिचा ब्रेक आधी दुरुस्त करा. माझी बायको हंसांच्या पंगतीत जाऊन बसली असती." त्याच आठवड्यात मला नवा ब्रेक मिळाला.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी भिंत धरून चालू लागले, तर त्यांना चारचौघांत 'बसा' म्हणून फर्मावू नका. त्यांचा मान राहील असा आधार शोधा. आणि दारामागे माझ्यासारखी एखादी खुर्ची दिसली, तर तिच्या चाकांत तेल घाला, ब्रेक ओढून बघा. तिच्यावर उद्या कुणाचे तरी सगळ्यात जवळचे माणूस बसणार असते.