आधी मेन बंद

साडेतीन तास होऊन गेले होते आणि बळवंत पेठे अजून उडत्या तबकड्या पाडत होते. चंद्रप्रभाबाईंनी दारातूनच चहाचा कप दाखवला. नवऱ्याने मान वळवली नाही. डावा हात दांड्यावर, उजवा बटणावर आणि डोळे पडद्यावर. पस्तीस वर्षांच्या संसारात हा माणूस इतकं लक्ष देऊन आपल्याकडे कधी बघत बसला नाही, असं बाईंच्या मनात आलं आणि तो चहा त्यांनी स्वतःच पिऊन टाकला.

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, त्यातली ही गत. सरकारी वसाहतींच्या वीजदुरुस्तीत चौतीस वर्षं काढलेला, जेमतेम एक बढती पदरात पाडून निवृत्त झालेला त्रेसष्ट वर्षांचा माणूस. दिल्लीतल्या द्वारकेच्या फ्लॅटमधली एक अख्खी खोली अडवून कपाटाएवढ्या यंत्रासमोर बसतो, कशासाठी, तर जागतिक विक्रमासाठी. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये राहत असताना मार्केटच्या मागे व्हिडिओ गेमचं एक दुकान होतं, तिथे हे व्यसन जडलं. दुकान बंद पडलं तेव्हा यांनी ते धूड उचलून घरी आणलं. विक्रम कुणाचा, तर फिनलंडमधल्या कुणा पाववाल्याचा. आणि तो मोडणार कोण, तर ज्याला अंगठ्याच्या दुखण्यामुळे लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरवता येत नाही तो. सोसायटीतल्या बायका विचारायच्या, “भाईसाहब अभी भी गेम खेलते हैं?” मग बाई “हां, बचपन लौट आया है,” म्हणून त्यांच्याआधी स्वतःच हसून घ्यायच्या.

आज मात्र शेवटचा दिवस होता. सोमवारी डाव्या अंगठ्याच्या सांध्याचं ऑपरेशन होतं आणि त्यानंतर दांडा धरायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नवरा-बायकोत ठरलं होतं ते असं: आज विक्रम झाला तर यंत्र घरात राहील, नाहीतर उद्या रविवारी कबाडीवाला घेऊन जाईल. कबाडीवाल्याला बाईंनी कालच फोन करून ठेवला होता.

मुलगा अनुराग सकाळी गुरुग्रामहून येऊन मोबाइल स्टँडवर लावून गेला होता. नियमांचा कागद त्याने भिंतीवर चिकटवला होता. सगळ्या खेळाचं सलग चित्रीकरण हवं. खेळ संपला की पडद्यावर आकडा दिसत असतानाच, यंत्र बंद न करता, मागचं दार उघडून आतला बोर्ड दाखवायचा, म्हणजे आत काही लबाडी केलेली नाही हे पंचांना पटतं. यंत्र जुनं, वीज गेली की आकडाही गेला. “बाबा, बस ये एक चीज याद रखना,” असं तो चार वेळा सांगून गेला होता. बळवंतरावांनी त्या ओळीखाली लाल शाईने दोन रेघा ओढल्या होत्या. सरकारी माणूस, दुसरं काय करणार.

पोराने बापाला असं समजावून सांगावं याचं बाईंना नवल नव्हतं. घरातला साधा बल्ब बदलायचा तरी हे अख्ख्या घराचा मेन बंद करायचे. अर्ध्या चटणीत मिक्सर थांबायचा. बाई तोंड सोडायच्या, आणि उत्तर ठरलेलं असायचं, “हात घालायच्या आधी मेन बंद.” वर टेस्टर लावून दोनदा बघायचे. सोसायटीचा इलेक्ट्रिशियन पायात नुसती चप्पल घालून चालू लाइनवर काम करतो, आणि यांचं मात्र हे सोवळं. भित्रे आहात, असं बाई तोंडावर म्हणायच्या.

सव्वाबाराला त्यांचं स्वतःचं शेवटचं विमान पडलं आणि खेळ संपला. “झालं,” बळवंतराव म्हणाले.

बाईंनी कागदावरचा आकडा आणि पडद्यावरचा आकडा तीनदा ताडून पाहिला. पाववाल्यापेक्षा आठशे चाळीस जास्त होते. आपण हसतोय हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्याचा त्यांना रागच आला. आता कबाडीवाल्याला नाही म्हणून कळवावं लागणार होतं.

बळवंतराव गुडघ्यांवर हात टेकून उठले. मोबाइल स्टँडवरून काढून त्यांनी पडद्यावरचा आकडा नीट दाखवला, मग यंत्राच्या मागे गेले. मोकळा हात दाराच्या स्क्रूकडे जाण्याआधी भिंतीवरच्या स्विचकडे गेला. खटका वाजला.

पडदा काळा झाला. बाई समोर उभ्या होत्या, त्यांना ते दिसलं. मागे असलेल्या माणसाला दिसलं नाही. बळवंतरावांनी खिशातला टेस्टर काढून दोनदा लावला, दार उघडलं आणि बोर्ड मोबाइलला व्यवस्थित दाखवला.

“अहो,” बाई म्हणाल्या, “बंद केलंत तुम्ही.”

मागून एकेक स्क्रू परत बसवल्याचा आवाज आला.

संध्याकाळी अनुरागचा फोन आला. पंच हे मुळीच मानणार नाहीत, असं त्याने सांगितलं. मग म्हणाला, “इतनी सी बात, यार. एवढं पण बाबांच्या लक्षात राहत नाही, आई?”

वाक्य बाईंचंच होतं. सूरही त्यांचाच. इतकी वर्षं त्या हेच बोलत आल्या होत्या, पण पोराच्या तोंडून ऐकताना त्यांना लाज वाटली.

“त्यांच्या हाताखाली चौतीस वर्षांत दोनशे माणसांनी काम केलं,” त्या म्हणाल्या. “एकाचाही हात भाजला नाही. ठेव फोन.”

रविवारी कबाडीवाला दोन माणसं घेऊन आला. बाई हळूच म्हणाल्या, की राहू द्या हवं तर, खोली पडूनच असते. बळवंतराव म्हणाले, “ठरलंय ते ठरलंय,” आणि खोलीचं दार त्यांनी पूर्ण उघडून दिलं. बाई स्वयंपाकघरात जाऊन चटणी वाटायला लागल्या.

यंत्रासाठी बळवंतरावांनी मीटरपासून वेगळी लाइन ओढली होती. कबाडीवाल्याच्या माणसाने तिलाच हात घातला.

“रुको भैया. पहले मेन.”

मिक्सर अर्ध्या चटणीत थांबला. डोक्यावरचा पंखा फिरत फिरत मंद झाला. बाहेर यंत्र सरकवल्याचा आवाज आला, मग “धीरे, धीरे,” मग लिफ्टचं दार लागल्याचा. तरी वीज आली नाही. खोलीत बळवंतराव उघड्या राहिलेल्या तारांच्या टोकांना काळी पट्टी गुंडाळत होते, एकाच अंगठ्याने, सावकाश. बाई मिक्सरच्या झाकणावर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्यांनी हाक मारली नाही.