दाजींचं वजन

दाजींनी निवडणुकीला उभं राहायचं ठरवलं आणि मेहुण्याची पिकअप गाडी त्याला न विचारताच प्रचाराला लागली. मेहुण्याचा धंदा फर्निचर पोहोचवण्याचा, त्यामुळे मागे जोडायचा लांबलचक ट्रेलरही त्याचाच. ट्रेलरवर मंच ठोकला, कडेने कठडा लावला आणि दाजी अगदी मागच्या टोकाला जाऊन उभे राहिले. पुढे गाडीच्या टपाआड माणूस दिसत नाही, मागे उभं राहिलं की अख्खा रस्ता बघतो, असं त्यांचं म्हणणं. दाजी मागे म्हटल्यावर कार्यकर्तेही मागेच. फोटोत निदान एक कान तरी यायला हवा ना! पुढचा अर्धा मंच ओस.

गल्लीबोळांत सगळं निभावलं. पण शेजारच्या गावाला जाताना हमरस्ता लागला, पुलाच्या उतारावर गाडीने वेग घेतला आणि ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागला. मेहुण्याने घाबरून ब्रेक दाबला नाही. स्टिअरिंग सरळ धरलं, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू उचलला आणि ट्रेलरच्या ब्रेकचा वेगळा खटका हाताने अलगद ओढला. झोके कमी होत होत थांबले.

उतरून बघतो तर कार्यकर्ते कठड्याला पालीसारखे चिकटलेले. दाजींचा चष्मा एका कानावर लोंबत होता.

"लोकांचा उत्साह बघ," दाजी म्हणाले. "गाडीसुद्धा डोलायला लागली."

"दाजी, मागे वजन जास्त झालंय. पुढे वजन असलं की ट्रेलरचं नाक गाडीवर दाबून राहतं. मागे गेलं की नाक उचलतं आणि शेपूट भरकटतं. तुम्ही चाकांच्या पुढे उभे राहा."

"माझं वजन कमी करायला विरोधक टपलेलेच आहेत. त्यात तू घरचा."

"कमी नाही करायचं. पुढे सरकवायचंय."

"आज सरका म्हणतायत, उद्या उतरा म्हणतील," एक जाडजूड कार्यकर्ता पुटपुटला. दाजींना ते पटलं.

मग मेहुण्याने टायरांत हवा भरली. झोके रोखणारा लोखंडी दांडा आणून जोडणीवर बसवला. झुलणं थोडं कमी झालं, एवढंच. हळू चालवावं तर दाजींची सभा चुकते. शेवटी तो बहिणीकडे गेला. ताई कपड्यांच्या घड्या घालत होती.

"ताई, तू सांगून बघ त्यांना."

"ऐकून घ्यायची सवय असती तर निवडणुकीला उभे राहिले असते का?" ताईने उशीचा अभ्रा झटकला. "वजनाचं नावच काढू नकोस. फोटोवाला कुठे बसतो?"

"मागून येणाऱ्या मोटारीत."

"त्याला तुझ्या पिकअपच्या हौद्यात बसव. तोंड मागे करून."

दुसऱ्या दिवशी दाजींनी हात हलवत मागे पाहिलं, तर कॅमेरा नाही. तो पुढे आहे हे कळताच ते लगबगीने मंचाच्या पुढच्या टोकाला आले. पाठोपाठ सगळी फौज धावली. पिकअप मागून किंचित दबली आणि मेहुण्याने सुटकेचा श्वास सोडला. एवढ्यात फोटोवाला ओरडला, "साहेब, सगळे मावत नाहीत, काही जण मागे सरका." मेहुण्याचा हात ट्रेलरच्या ब्रेकच्या खटक्याकडे गेला. पण मागे सरकायला एकही माणूस तयार झाला नाही. पुलाच्या उतारावरून ट्रेलर रुळावरून जावा तसा सरळ गेला.

रस्त्यावरची माणसं मात्र सवयीने मागच्या रिकाम्या कठड्याकडे बघून हात हलवत राहिली.

त्या संध्याकाळच्या सभेत दाजी म्हणाले, "मी पुढे आलो आणि डगमगणारी गाडी स्थिर झाली." टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढे ते निवडूनही आले. ट्रेलर का झुलतात याचा अभ्यास करायला त्यांनी एक समिती नेमली आणि तिचं अध्यक्षपद त्या जाडजूड कार्यकर्त्याला दिलं. मेहुण्यालाही बोलावणं आलं, बैठकीच्या खुर्च्या वाहून आणायला.

तो गेला. अध्यक्षांची खुर्ची सगळ्यात जड होती. ती त्याने ट्रेलरवर चाकांच्या पुढे ठेवली.